जुन्या पिकअपचा हीटर: पार्ट आणण्याआधी दोन पाईपना हात लावा

कॅनडातल्या अल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबा या पट्ट्यात जानेवारीत पारा उणे 30 च्या खाली गेला तर कुणाला फारसं नवल वाटत नाही. नोकरी-शिक्षणासाठी तिथे पोहोचलेल्या मराठी घरांत पहिली किंवा दुसरी गाडी म्हणून जुनी पिकअप घेणारे बरेच आहेत, आणि घेण्यात चूक काहीच नाही. नव्वदीच्या दशकातली फोर्ड एफ-150, शेवरोलेची सिल्व्हराडो किंवा डॉज रॅम ही दणकट वाहनं आहेत. पार्ट कुठेही मिळतात आणि बोनेट उघडल्यावर आत हात घालायला जागा असते. तक्रार येते ती पहिल्या हिवाळ्यात. इंजिन झकास चालतं, पण हीटर पूर्ण सोडला तरी जाळीतून येणारी हवा कोमटच राहते.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं हीटर कोअर बदल, कुणी म्हणतं थर्मोस्टॅट गेलाय, कुणी वॉटर पंपावर बोट ठेवतं. यातलं कुठलंही कारण खरं असू शकतं. म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं आहे की तपासणी पुरी होईपर्यंत एकही पार्ट विकत आणू नका. जुन्या पिकअपचा हीटर इतका साधा आहे की नेमकं कुठे बिनसलंय ते तो स्वतःच सांगतो. विचारायचा क्रम तेवढा बरोबर हवा.

आणि हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. हीटर म्हणजे नुसती ऊब नव्हे. समोरच्या काचेवरचं दव आणि बर्फ वितळवते ती हीच गरम हवा. उत्तर अमेरिकेत काच साफ ठेवणारी यंत्रणा गाडीत असणं ही सुरक्षा नियमांतलीच अट आहे. उणे 30 मध्ये आतून गोठलेल्या काचेच्या टीचभर फटीतून रस्ता बघत गाडी हाकणं जिवावर बेतू शकतं.

घाटातला ड्रायव्हर जे जाणतो ते

आपल्याकडे कसारा किंवा वरंध घाटात जुनी जीप तापायला लागली की मुरलेला ड्रायव्हर भर मे महिन्यात खिडक्या उघडतो आणि हीटर पूर्ण सोडतो. केबिनची भट्टी होते, पण इंजिनाचा काटा खाली येतो. कारण हीटर हा गाडीतला दुसरा, छोटा रेडिएटर आहे. इंजिनातून तापून आलेलं कूलंट एका रबरी पाईपने डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत येतं. हिलाच हीटर कोअर म्हणतात. ब्लोअरचा पंखा त्या जाळीवरून हवा ढकलतो, हवा तापून केबिनमध्ये येते आणि उष्णता देऊन झालेलं कूलंट दुसऱ्या पाईपने इंजिनाकडे परत जातं. उष्णता तयार करायला वेगळं काहीच नाही. एरवी वाया जाणारी इंजिनाची धग तेवढी आत वळवलेली असते.

त्यामुळे हवा कोमट येत असेल तर तीनच शक्यता उरतात. इंजिनच पुरेसं तापत नाही, किंवा तापलेलं कूलंट जाळीत पुरेसं फिरत नाही, किंवा जाळी गरम असूनही तिच्यावरून हवा नीट जात नाही.

इथे दोन सवयींबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण त्या आपण घरून घेऊन जातो. पहिली, कूलंट कमी झालं की बाटलीतलं साधं पाणी ओतायचं. सोलापूरला ते एक वेळ चालून जातं. विनिपेगला ते पाणी इंजिनात गोठून फुगतं आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉकसुद्धा तडकवतं. दुसरी, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा. आपल्याकडचे कितीतरी मेकॅनिक हे बिनदिक्कत करतात. थंड मुलखात मात्र थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन दिवसभर चालवलं तरी नीट तापत नाही. हीटर गार राहतोच, शिवाय पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमध्ये ओल साठते आणि इंजिन झिजतं. गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने हा उद्योग केलेला नाही ना, याची खात्री करून घ्या.

तपासणी: आधी गार इंजिन, मग गरम

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपासून सुरुवात करा. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम इंजिनाचं झाकण कधीच उघडायचं नाही. आत दाब असतो आणि उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. नुसती प्लॅस्टिकची बाटली बघून समाधान मानू नका. बाटली अर्धी भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो, विशेषतः झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर. कूलंट काठापर्यंत दिसायला हवं. हीटर कोअर बहुतेक गाड्यांत उंचावर असतो, त्यामुळे कूलंट थोडं जरी कमी झालं तरी पहिला उपाशी राहतो तो हीटर. इंजिनाचा काटा अजून ठीक दाखवत असतो आणि आपण हीटरला दोष देत बसतो.

कूलंटचा रंग आणि पोतही बघा. स्वच्छ हिरवं, नारिंगी किंवा पिवळसर असेल तर ठीक. गंजाच्या रंगाचं किंवा चिखलासारखं दाट असेल तर हीटर कोअरमध्ये काय साठलंय याचा अंदाज तिथेच येतो. बोट बुडवून दोन बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर जाळी धुवावी लागणार हे धरून चला.

आता इंजिन चालू करा, पण बंद गॅरेजमध्ये नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो कळायच्या आत माणूस जातो. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लोअर मंद ठेवा आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. परत आल्यावर बोनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून आत जाणारे दोन रबरी पाईप शोधा, साधारण अंगठ्याएवढे जाड आणि शेजारीशेजारी. पंखा आणि बेल्टपासून हात दूर ठेवा. मफलर, ओढणी, लोंबत्या दोऱ्या आधी काढून ठेवा. पाईप 80-90 अंशांपर्यंत तापलेले असू शकतात, म्हणून क्षणभरच स्पर्श करायचा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर फारच छान, पण पातळ हातमोजा घातलेल्या हातालाही फरक कळतो.

दोन्ही पाईप चटका लागेल इतके गरम असतील तर कूलंट व्यवस्थित फिरतंय आणि दोष हवेच्या बाजूला आहे. एक पाईप गरम आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर जाळी गाळाने बुजली आहे, तिच्यात हवा अडकली आहे किंवा काही गाड्यांत पाईपवर असलेला हीटर व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच तापत नाही, म्हणजे संशयित थर्मोस्टॅट. आणि आयडलिंगला गार पण रेस केल्यावर गरम हवा येत असेल तर कूलंट कमी आहे किंवा वॉटर पंपाची पाती झिजली आहेत.

इतकंच. एवढ्या तपासणीत निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतो, आणि हाताला लागणारी ही खूण अंदाजाने सांगितलेल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा भरवशाची आहे.

थर्मोस्टॅट

दोन्ही पाईप कोमट असतील तर आणखी एक खूण बघा. इंजिन गार असताना सुरू केल्यावर रेडिएटरला जाणारा वरचा जाड पाईप बराच वेळ गार राहायला हवा आणि मग एकदम गरम व्हायला हवा. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला आहे. 1996 नंतरच्या पिकअपना डॅशबोर्डखाली ओबीडी-2 चं सॉकेट असतं. स्वस्तातल्या रीडरवर पी0128 हा कोड आला तर तोही हेच सांगतो, की इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही. डॅशवरच्या काट्यावर मात्र फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मधोमध स्थिर राहावा अशाच तऱ्हेने बसवलेला असतो.

थर्मोस्टॅट स्वस्त आहे आणि घरी बदलण्यासारखा आहे. बहुतेक इंजिनांत रेडिएटरचा वरचा पाईप जिथे इंजिनाला मिळतो तिथल्या झाकणाखाली तो असतो. काहींत तो खालच्या पाईपच्या बाजूला असतो. थोडं कूलंट भांड्यात काढून घ्या, झाकणाचे बोल्ट सोडा, जुनं गॅस्केट पूर्ण खरवडा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवा. कडेला हलणारी छोटी पिन असेल तर ती वर यायला हवी, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. बोल्ट आळीपाळीने आवळा. ॲल्युमिनियममध्ये जोर लावला तर आटे निघतात आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

नवा पार्ट घेताना त्यावरचा आकडा बघा. 195 असा शिक्का फॅरनहाइटमधला, म्हणजे सुमारे 90 अंश सेल्सिअस. कुणी ‘थंड’ थर्मोस्टॅट, 160 किंवा 180 चा, खपवू लागला तर घेऊ नका. कंपनीने सांगितलेलाच घाला. बसवण्याआधी एक तपासणी अवश्य करा: नवा थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्याच्या पातेल्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. पाण्यात बारीक बुडबुडे धरायला लागल्यावर, उकळी फुटण्याआधी, तो हळूहळू तोंड उघडताना दिसतो. पाणी निवलं की मिटतो. नवे पार्टसुद्धा कधीकधी बिघडलेले निघतात. मात्र हे पातेलं पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.

जाळी धुणं

एक पाईप गरम आणि एक कोमट असेल, तर जाळी धुऊन बघण्याआधी ती बदलायला निघू नका. 1980 ते 1996 च्या फोर्ड एफ मालिकेत हीटर कोअर ग्लोव्ह बॉक्समागच्या एका झाकणाआड असतो आणि थोडे स्क्रू काढले की हाती येतो. पण 1997 च्या नव्या घडणीच्या एफ-150 मध्ये त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. बऱ्याच पिकअपची हीच कथा आहे आणि त्याची मजुरी पार्टच्या किमतीच्या कितीतरी पट होते. धुण्याने काम झालं तर एवढा सगळा खर्च वाचतो.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे कोअरच्या नळ्यांवरून रबरी पाईप काढणं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर नळीला चिकटलेलं असतं. तो पक्कडीने धरून पिळला की कोअरची पातळ नळी जाळीला जिथे जोडलेली असते तिथे वाकते, आणि गळत नसलेला कोअर गळू लागतो. त्यापेक्षा क्लिप सैल करून मागे सरकवा आणि धारदार पात्याने रबराला उभी चीर द्या, लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने, पातं नळीला ओरखडणार नाही अशा बेताने. मग बोटांनी रबर उलगडून सोलून काढा. नवा पाईप फुटावर मिळतो, त्यावर कंजुषी करू नका. शेवरोलेच्या नव्वदीतल्या व्ही-8 पिकअपमध्ये हीटरच्या पाईपचं इंजिनाकडचं टोक मॅनिफोल्डवरच्या खटक्याच्या कपलिंगला जोडलेलं असतं. ते गंजून ठिसूळ होतं आणि हातात तुटून येतं. म्हणून तिथे काम केबिनच्या बाजूनेच करा.

दोन्ही नळ्यांना पारदर्शक पाईप जोडा, एकाचं टोक बादलीत सोडा आणि ज्या नळीतून कूलंट बाहेर पडतं तिथून बागेच्या नळाचं पाणी आत सोडा. उलट्या दिशेने सोडलेलं पाणी तोंडाशी अडकलेला गाळ मागे ढकलतं. धार मंद हवी आणि दुसरं टोक सतत मोकळं हवं. नळाच्या पूर्ण दाबाने जुना कोअर फुटू शकतो. सुरुवातीला चहाच्या रंगाचं पाणी येईल, मधूनच गंजाच्या खपल्या पडतील. दिशा बदला, पुन्हा उलटी करा. पाणी स्वच्छ होऊन धार दोन्हीकडून सारखी पडेपर्यंत थांबू नका. धार तरीही बारीक राहिली तर पांढरं व्हिनेगर भरून तासभर ठेवा आणि परत भरपूर पाण्याने धुवा. तीव्र ॲसिड वापरू नका. हल्लीचे कोअर ॲल्युमिनियमचे असतात, ते खाल्ले जातात.

हिवाळ्यात हे काम उबदार गॅरेजमध्येच करा. धुतल्यावर कोअरमध्ये राहिलेलं पाणी कमी दाबाच्या हवेने किंवा नळीतून फुंकून बाहेर काढा, नाहीतर तेच रात्री गोठेल. कूलंट भरताना 50-50 चं मिश्रण घ्या, म्हणजे निम्मं डिस्टिल्ड पाणी. ते उणे 37 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. अनेकांना वाटतं की नुसतं कूलंट ओतलं तर अधिक संरक्षण मिळेल. उलट आहे: निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं. पाण्यात मिसळल्यावरच ते खरं काम करतं. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच कूलंट घ्या आणि वेगवेगळे प्रकार मिसळू नका. नुसत्या रंगावरून प्रकार ओळखायला जाऊ नका, कारण रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते.

गळती बंद करणारी पावडर किंवा बाटली मात्र अजिबात नको. गळणारी फट आणि जाळीतली बारीक वाट यांत तिला फरक कळत नाही, ती दोन्ही बुजवते.

कोअरच गळत असेल तर लक्षणं वेगळी असतात. केबिनमध्ये गोडसर वास येतो, काचेवर आतून पुसता न येणारा तेलकट थर बसतो, शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला लागतो. तेव्हा धुण्यात वेळ घालवू नका, कोअर बदला.

हवा काढणं

कूलंट काढून पुन्हा भरलं की आत हवा अडकतेच, आणि नवा थर्मोस्टॅट घालूनही हीटर गार राहण्याचं हे नेहमीचं कारण आहे. डॅशमागे खळखळ ऐकू येते. गाडी चढावर, नाक वर करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. गार असतानाच झाकण काढून हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा आणि झाकण परत लावू नका. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, तसं मिश्रण ओतत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली बसते. तेव्हा भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. बुडबुडे थांबतच नसतील, कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ते काम चांगल्या मेकॅनिककडे न्या.

दोन्ही पाईप गरम, तरीही हवा गार

डॅशच्या आत प्लॅस्टिकचं एक दार असतं. ते गार आणि गरम हवेचं प्रमाण ठरवतं. जुन्या गाड्यांत ते केबलने हलतं आणि केबलची क्लिप निसटलेली असते, इतकं साधं कारण असू शकतं. नंतरच्या गाड्यांत छोटी मोटर असते. गरम-गारचं बटण फिरवताना डॅशमागून टकटक आली तर मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटलेत. 2002 ते 2008 च्या डॉज रॅममध्ये दाराचा आसच तुटण्याची खोड प्रसिद्ध आहे. मोटर फिरते, दार जागचं हलत नाही.

ब्लोअर फक्त सगळ्यात जोरातच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळलाय. शेजारच्या सीटपुढे, डॅशखाली तो सापडतो. प्लगसुद्धा वितळलेला नाही ना ते बघा. हवाच कमी येत असेल तर ब्लोअर खोलून आत डोकावा. काचेखालच्या जाळीतून पडलेली पानं आणि उंदरांनी रचलेला कापूस-कागदाचा गोळा तिथे हमखास असतो. जुन्या पिकअपना बहुधा केबिन फिल्टर नसतो, त्यामुळे सगळा कचरा थेट जाळीवर जातो. उंदराची घाण काढताना मास्क आणि हातमोजे घाला, आधी ती जंतुनाशकाने ओली करा. कोरडी झाडू नका. त्या मुलखातले काही उंदीर हंटाव्हायरस वाहून नेतात.

सगळं ठीक असूनही डिझेल पिकअप उबायला फार वेळ घेत असेल तर तो बिघाड नाही. डिझेल इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालवून तापत नाही. पुढच्या जाळीतून लोंबणारा प्लग ब्लॉक हीटरचा असतो. निघण्याआधी तीन-चार तास तो टायमरवर लावा. रेडिएटरच्या पुढे जाळीवर खास कापडी पडदा किंवा पुठ्ठा लावायची तिकडची पद्धतही उपयोगी आहे, पण थोडा भाग उघडा ठेवा, काट्यावर लक्ष ठेवा आणि थंडी ओसरली की काढा.

काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना पातळी पुन्हा बघा, बहुधा थोडी उतरलेली असते. आठवडाभराने क्लिपा एकदा आवळा. काढलेलं कूलंट गटारात किंवा बर्फावर ओतू नका. ते चवीला गोड असतं, थोडंसं चाटलं तरी कुत्रं दगावतं आणि लहान मुलांनाही तेवढाच धोका आहे. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, गावातल्या घातक कचरा केंद्रावर पोहोचवा. आणि सांडलेलं कूलंट त्याच दिवशी पुसून काढा.